शर्टाआडचे रिव्हॉल्व्हर

संत्र्याची बाग विकली, हातात चार पैसे खुळखुळले की नागपूर जिल्ह्यातल्या काटोल-नरखेडच्या पट्ट्यात आधी गाडी येते, मग घरावर मजला चढतो आणि एखाद्याच्या मनात तिसरीच हौस डोकावू लागते: कमरेला एक छोटेखानी रिव्हॉल्व्हर. कारण विचारले तर उत्तर तयार असते, ‘सेफ्टीसाठी’. वावरातले घर गावापासून लांब, बागेचे पैसे घरात, रात्रीचा रस्ता सुना. कारण खोटे नाही. त्यावर शोधलेला उपाय मात्र तपासून पाहण्याजोगा आहे.

छोटे शस्त्र कुठले घ्यावे, यावर अमेरिकेतल्या दुकानात माणूस अख्खा दिवस काढू शकतो. आपल्याकडे तो घोळ कायद्यानेच मिटवला आहे. 9 मिलिमीटर किंवा .38 ही लष्कर-पोलिसांची बोअर सामान्य माणसाला बंद. उरते ती मुख्यतः .32, म्हणजे बत्तीस. रिव्हॉल्व्हरची ही बत्तीसची गोळी स्मिथ अँड वेसन कंपनीची, 1896 सालची. तिची ताकद बेताची, हाताला बसणारा धक्काही बेताचा; परदेशात ती आज मुख्यतः नेमबाजीच्या स्पर्धांत उरली आहे. कानपूरच्या सरकारी कारखान्याने 2014 साली ‘निर्भीक’ काढले. वजन अर्धा किलो, किंमत तेव्हा 1,22,360 रुपये. दिल्लीच्या ‘निर्भया’ची आठवण म्हणून ठेवलेले नाव, बायकांच्या पर्समध्ये मावेल अशी जाहिरात. काटोलहून रोज गाडी धरून नागपूरला नोकरीला जाणाऱ्या कुठल्या नर्सच्या पर्समध्ये सव्वा लाखाची वस्तू असणार, हे जाहिरात करणाऱ्यांनाच ठाऊक. ऑगस्ट 2023 मध्ये त्याच गावातून ‘प्रबल’ आले. त्याचे चक्र बाजूला उघडते आणि मारा 50 मीटरपर्यंत असल्याचे सांगतात.

पन्नास मीटरचा आकडा ऐकायला झकास आहे. पण नळी जेमतेम तीन इंचांची. पुढची माशी आणि मागची खाच इतकी जवळ की मनगट किंचित हलले तरी नेम हातभर चुकतो. त्यात घोडा आधी न चढवता नुसता चाप ओढायचा, तर त्याच एका ओढीने घोडाही उचलायचा असतो आणि चक्रही फिरवायचे असते. चाप जड लागतो, बोटाला सवय नसली तर नळी खाली झुकते. झोपेतून दचकून उठलेला, घामाघूम झालेला माणूस अंधारात हे करणार आहे. पिस्तुलासारखे हे अडकत नाही, यंत्र साधे आहे, हे खरे. यंत्र साधे असले तरी ते वापरणे सोपे असतेच असे नाही.

घरात ते ठेवणेही सोपे नाही. 1 ऑक्टोबर 2024 च्या पहाटे अभिनेता गोविंदा कोलकात्याला निघाला होता. परवान्याचे रिव्हॉल्व्हर कपाटात ठेवताना हातातून निसटले आणि गोळी त्याच्याच पायात शिरली. जुन्या घडणीच्या कित्येक रिव्हॉल्व्हरांत घोडा थेट काडतुसाच्या पाठीवर टेकलेला असतो. म्हणून जाणकार घोड्याखालचे घर रिकामे ठेवतात आणि सहाऐवजी पाचच भरतात. वाडवडिलांचे शस्त्र नावावर करून घेणाऱ्या किती जणांना हे कोणी सांगितले असेल?

आता कायद्याची गंमत पाहा. 2016 च्या शस्त्र नियमांनुसार सार्वजनिक जागी रिव्हॉल्व्हर न्यायचे तर ते खोळीत, पूर्ण झाकलेले हवे. म्हणजे अमेरिकेत ज्याला ‘लपवून बाळगणे’ म्हणतात ते आपल्याकडे सक्तीचे आहे. आणि आमचे हौशी काय करतात? लग्नाच्या मांडवात शर्टाचा कोपरा हळूच मागे सारतात. लपवण्यासाठी बनवलेली वस्तू हे लोक दिसावी म्हणूनच विकत घेतात. हर्षाच्या भरात हवेत बार काढणाऱ्याला 2019 च्या दुरुस्तीने दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड ठेवला, तो उगाच नाही. बीड जिल्ह्यात बाराशेहून जास्त परवाने निघाल्याची बोंब झाली आणि मग ते रद्द करण्याची धावपळ उडाली. बाराशे माणसांच्या जिवावर कोणी उठले होते, असे कोण मानेल?

घराच्या राखणीचा हिशेबही काटोलात जमत नाही. निवडणूक लागली की छाननी समितीच्या आदेशाने शस्त्रे ठाण्यात जमा करून घेतली जातात. 2024 मध्ये विधानसभेची आचारसंहिता 15 ऑक्टोबरला लागली आणि मतमोजणी होईपर्यंत राहिली. आंबिया बहाराचे सौदे आणि तोड याच दिवसांतली. म्हणजे त्या वर्षी घरात पैसा आला तेव्हाच त्याचा राखणदार पोलिसांच्या ताब्यात. बाकीच्या दिवसांत बागेला त्रास रानडुकरांचा, आणि तिथे हे खेळणे कुचकामी. पीकसंरक्षणाचा परवाना वेगळा असतो आणि वनखात्याची परवानगी त्याहून वेगळी. रात्री घर फोडून आत शिरणाऱ्याला रोखताना त्याचा जीव गेला तरी भारतीय न्याय संहिता बचावाचा हक्क मानते, मात्र गरजेपुरताच. संत्र्याची दोन कॅरेट उचलून पळणाऱ्याच्या पाठीत गोळी घातली तर पुढची वर्षे नागपूरच्या कोर्टात जातात. घरातला कुत्रा, अंगणातला मोठा दिवा आणि धुऱ्यापलीकडच्या शेजाऱ्याशी बोलचाल यांना परवाना लागत नाही, आचारसंहिताही लागत नाही.

ज्याला खरोखर धोका आहे, त्याला जिल्हाधिकाऱ्यांनी परवाना जरूर द्यावा. शस्त्र हाताळण्याच्या प्रशिक्षणाचा दाखला नियमांत आहेच. तो कागद फायलीला टाचण्यापुरता राहू नये. नूतनीकरणाच्या वेळी वर्तणुकीचा पोलिस अहवाल मागवतात, तसाच मधल्या वर्षांत नेमबाजीच्या मैदानावर किती काडतुसे झाडली याचाही हिशेब मागावा. ज्याच्याकडे तो नसेल त्याचा परवाना तिथेच थांबवावा. काटोलातल्या बऱ्याच कमरा त्या दिवशी हलक्या होतील.