संध्याकाळी सातची वीज

नुसत्या सूर्य-वाऱ्यावर एवढा मोठा देश चालेल का? दुपारी बारापुरती मला त्याची काळजी उरलेली नाही. 30 मे 2024 रोजी देशाची विजेची मागणी 250 गिगावॉटवर गेली, तीही भर उन्हाच्या वेळी, आणि ती भागवायला सौरऊर्जेचा मोठा हातभार लागला. काळजी आहे ती संध्याकाळी सातची.

जुलै 2025 मध्ये सरकारने जाहीर केलं, की देशाच्या स्थापित वीजक्षमतेतला निम्मा वाटा आता कोळसा, वायू, डिझेल न जाळणाऱ्या प्रकल्पांचा आहे. 2030 सालचं उद्दिष्ट पाच वर्षं आधीच गाठलं. अभिमान वाटावा अशीच ही गोष्ट. पण क्षमता वेगळी आणि हाती येणारी वीज वेगळी. पॅनेल रात्री झोपतं, वारा पावसाळा सरला की मंदावतो. म्हणून देशात तयार होणाऱ्या दर दहा युनिटांतली सातेक अजून कोळशाचीच असतात. वीजबाजारात दुपारी भाव पडतो आणि दिवेलागणीनंतर तोच कधीकधी युनिटमागे 10 रुपयांच्या कमाल मर्यादेला जाऊन भिडतो.

मला वाटतं, उपाय निम्मा तरी शेतात आहे, कारण तिथली विजेची मागणी दिवसावर सरकवता येते. जुन्नर-आंबेगावकडे थ्री फेज लाईट एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री, हे वर्षानुवर्षं चालत आलं. रात्रीची पाळी आली, की माणूस बॅटरी घेऊन दारं धरायला निघतो. मोटर 'ऑटो'वर टाकली तर आपोआप सुरू होते; पण एक सरी भरली की तिचं तोंड बंद करून पाणी दुसरीत वळवायला हातात फावडं घेतलेला माणूसच लागतो. पाय चिखलात, शेजारी डोक्यापेक्षा उंच ऊस, आणि उसात बिबट्या. कोळशाच्या केंद्रांची निर्मिती रात्री कमी करणं अवघड, म्हणून ती वीज शेतीच्या गळ्यात मारली गेली. शहराच्या सोयीची किंमत शेतकऱ्याने जिवावर उदार होऊन मोजली, याचा मला राग येतो.

2017 साली सुरू झालेली मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना म्हणूनच मोलाची. गावाजवळच्या उपकेंद्रालगत सौर प्रकल्प उभा करायचा आणि शेतीच्या फीडरला दिवसा वीज द्यायची. इथे बॅटरीचा खर्चच नाही, कारण भिजलेलं रान हीच साठवण.

शहराची संध्याकाळ मात्र सरकवता येत नाही. तिथे साठवणच हवी. तिचा एक नमुना घाटघरला 2008 पासून आहे. अकोले तालुक्यात घाटमाथ्यावर एक जलाशय, खाली शहापूर तालुक्यात चोंढ्याला दुसरा, मध्ये सुमारे चारशे मीटरची उतरंड. वीज मुबलक असताना पाणी वर चढवायचं, गरज पडली की खाली सोडून 250 मेगावॉट मिळवायचे. चढवायला चार युनिट लागली तर परत तीनच येतात, तरीही दुपारी वाया जाणाऱ्या उन्हापेक्षा हा सौदा चांगला. सह्याद्रीला ही उंची फुकट मिळाली आहे. आता भिवपुरी, शिरवता इथल्या अशाच मोठ्या प्रकल्पांची नावं पुढे आली आहेत.

गाड्यांचं डिझेल आणि कारखान्यांच्या भट्ट्या यात धरलेल्याच नाहीत. देशात वापरल्या जाणाऱ्या ऊर्जेत वीज जेमतेम पाचवा हिस्सा आहे, तेव्हा ती लढाई लांबची. विजेपुरतं माझं उत्तर 'होय' आहे, आणि त्याला एक अट आहे. कोयनेने महाराष्ट्राला उजेड दिला. पण तिच्या धरणासाठी उठलेल्या कुटुंबांची मुलं-नातवंडं साठ वर्षांनंतरही जमिनीसाठी आंदोलनाला बसतात. नव्या जलाशयांसाठी घाटातली जंगलं आणि वाड्या मागितल्या जातील, तेव्हा पुनर्वसनाची जमीन आधी ताब्यात द्यावी आणि मगच सुरुंग लावावा.