मूळ नोंद जपावी
वर्षीतपाच्या पारण्याची छायाचित्रे पुन्हा टिपता येत नाहीत. म्हणून ती ‘रॉ’ स्वरूपात घ्यावीत. जेपेगमध्ये प्रत्येक मूळ रंगाच्या २५६ छटा मावतात. १४ बिटांच्या रॉ फाइलमध्ये १६,३८४.

संस्कारासाठी सॉफ्टवेअर निवडताना व्यवहार पाहावा. अ‍ॅडोबीचे लाइटरूम क्लासिक सोयीचे. परंतु वर्गणी थांबताच त्यातील संस्काराचा विभाग बंद होतो. डार्कटेबल व रॉथेरपी विनामूल्य आहेत; शिकण्यास मात्र वेळ द्यावा लागतो. रोजच्या व्यावसायिक कामास वर्गणी परवडेल; घरच्या दोन-चार समारंभांना विनामूल्य पुरे.

तिन्हींत मूळ चित्र अबाधित राहून बदल वेगळे नोंदले जातात. रोजमेळातील नोंद न खोडता दुरुस्तीची नोंद स्वतंत्र करावी, तसे. मात्र एकाचे बदल दुसऱ्यात जसेच्या तसे उतरत नाहीत. म्हणून तयार चित्राची टिफ प्रत काढावी आणि रॉ फाइल दोन ठिकाणी जपावी.