खेळणंच तर आहे!

प्लास्टिकचे छर्रे मारणाऱ्या एअरसॉफ्टच्या बंदुकीचा विषय निघाला की एक पक्ष हमखास म्हणतो, ‘अहो, खेळणंच तर आहे!’ दुसरा तितक्याच ठामपणे म्हणतो, ‘बंदूक ती बंदूक, घरात नकोच.’ दोघं हिरिरीने भांडतात, आणि तेवढ्या वेळात पोरगं गॉगल न लावताच अंगणात पळालेलं असतं. माझं म्हणणं दोघांनाही रुचणार नाही. ही वस्तू मुलाला जरूर द्यावी, पण खरी बंदूक देतोय असं समजूनच द्यावी.

पहिल्या पक्षाची सगळी भिस्त छर्ऱ्याच्या किरकोळ दिसण्यावर आहे. प्लास्टिकची 6 मिलिमीटरची गोळी, वजन बहुधा 0.20 ग्रॅम. पण तीच सेकंदाला 100 मीटर वेगाने सुटली की तिच्यात 1 ज्यूल ऊर्जा असते. दंडावर बसली तर लाल चट्टा उठतो आणि विसरला जातो. डोळ्यावर बसली तर बुबुळापुढे रक्त साकळतं, मोतीबिंदू होऊ शकतो, पडदा सुटू शकतो. सगळं निभावलं असं वाटल्यावर कित्येक वर्षांनी काचबिंदूही डोकं वर काढू शकतो. म्हणून दुखणं तासाभरात थांबलं तरी डोळा न चोळता त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे जायचं.

हा खेळ मुळात जपानचा, 1970च्या दशकातला. सामान्य माणसाला खरं पिस्तूल मिळणं तिथे जवळपास अशक्य, म्हणून ही हौस. त्या जपाननेसुद्धा 2006 साली कायदा बदलून या छर्ऱ्याची ऊर्जा 0.98 ज्यूलच्या आत बांधून टाकली. दहा वर्षांवरच्या मुलांसाठीच्या बंदुका तर तिथले उत्पादक 0.135 ज्यूलच्या आत ठेवतात, म्हणजे मोठ्यांच्या बंदुकीच्या जेमतेम सातव्या हिश्श्यात. आपल्याकडे 1 जानेवारी 2021 पासून खेळण्यांवर आयएसआय खूण सक्तीची आहे. जत्रेत पिवळ्या छर्ऱ्यांच्या पुडीसकट मिळणाऱ्या बंदुकीवर ती खूण शोधून पाहा. नसेल, तर ती बंदूक किती जोराने मारते हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं.

‘त्याला चष्मा आहे की!’ हा आणखी एक युक्तिवाद. नंबरचा चष्मा आघात सोसायला केलेला नसतो. काच फुटली तर छर्ऱ्याबरोबर तुकडेही आत जातात. जाळीचा गॉगल घामाने धुरकटत नाही म्हणून पोरांना आवडतो, पण फुटलेल्या छर्ऱ्याचा कण जाळीतून जाऊ शकतो. चेहऱ्याला चारी बाजूंनी घट्ट बसणारा, आघात सोसण्याची ‘झेड 87 प्लस’ खूण असलेला गॉगल घ्यावा आणि दातांसाठी खालचा मास्क. बंदुकीच्या किमतीत घासाघीस करा, यात नको.

आता ‘मॅगझीन काढलंय, रिकामी आहे’ हे वाक्य. सगळ्यात घातक हेच, कारण ते बोलणारा प्रामाणिक असतो. मॅगझीन निघालं तरी एखादा छर्रा नळीच्या मागच्या टोकाशी अडकून राहू शकतो. घोडा दाबला की तो सुटतो, आणि तोवर सगळ्यांनी गॉगल काढलेले असतात. काहीजण आधी घोडा दाबतात, मग मॅगझीन काढतात. त्याने उलट पुढचा छर्रा जागेवर येऊन बसतो. क्रम असा: गॉगल डोळ्यावरच, आधी मॅगझीन बाहेर, मग नळी जमिनीकडे करून दोन-तीन वेळा घोडा, मग सेफ्टी, शेवटी नळीच्या तोंडावर कापडी टोपण. आईबापांनी हे स्वतः हाताने करून पाहावं. मुलाला नुसतं सांगून भागत नाही.

आणि नळीचं ते नारिंगी टोक? त्यावरून बंदूक खोटी आहे हे पोलिसांना कळतंच, असा एक समज आहे. 22 नोव्हेंबर 2014 रोजी अमेरिकेतल्या क्लीव्हलँडच्या एका बागेत बारा वर्षांच्या टमीर राइसजवळ एअरसॉफ्टचं पिस्तूल होतं. त्याचं टोक निघालेलं होतं. फोन करणाऱ्याने ‘बहुधा खोटं असेल’ असं सांगितलेलं गाडीतल्या पोलिसांपर्यंत पोचलंच नाही. गाडी थांबल्यावर सुमारे दोन सेकंदांत त्याला गोळी लागली. दुसऱ्या दिवशी तो गेला. दोष त्या मुलाचा नव्हे, हे ठणकावून सांगायला हवं. तो काळा होता, हेही विसरायचं नाही. न्यू जर्सीत किंवा कॅलिफोर्नियात मुलं वाढवणाऱ्या आपल्या मराठी मंडळींनी तर नाहीच. पण पोलिसांनी कसं वागावं हे आईबापांच्या हातात नाही. बंदूक बॅगेत बंद करून, डिकीत ठेवून मैदानावर न्यायची, हे आहे. रस्त्यावर, सोसायटीच्या गच्चीत, शाळेच्या दप्तरात ती दिसताच कामा नये.

उरला बंदीवाल्यांचा पक्ष. ‘हातात बंदूक आली की मूल हिंसक होतं,’ हे ते सिद्ध झाल्यासारखं बोलतात. तसं असतं तर दिवाळीत टिकल्यांच्या पिस्तुलाने आपल्या पिढ्याच्या पिढ्या बिघडल्या असत्या. बंदीने एवढंच होतं, की बंदूक मित्राच्या घरी जाते. मग गॉगलकडे बघणारं कुणी नसतं.

‘आमची मुलं ऐकत नाहीत’ हेही ऐकून घेतलं. शिस्तीच्या मैदानावर खेळ चालू असताना गॉगल कपाळावर सरकवला, की पंच त्या मुलाला बाहेर बसवतो. मग बाप कोण आहे हे विचारत नाही. तीच मुलं तिथे निमूट ऐकतात. घरी मात्र, वाढदिवस आहे म्हणून, पाहुणे आलेत म्हणून, बापच पहिला नियम मोडतो.