वेबपेजचा फोटो मागू नका, वेबपेज मागा

सबमिशनचा हंगाम सुरू झालाय. पोस्ट लांब आहे, पण ज्यांची मुलं बीसीए, बीएस्सी कॉम्प्युटर किंवा डिप्लोमाला आहेत त्यांनी शेवटपर्यंत वाचा.

मुद्दा एका ओळीत सांगतो. आपल्याकडे मुलांना वेबपेज बनवायला शिकवतात आणि जमा करून घेताना मात्र त्या पेजचे फोटो मागतात.

पोर्टलवरची सूचना साधारण अशी असते : फक्त पीडीएफ, एकच फाइल, 2 एमबीच्या आत, रात्री 11:59 पर्यंत. आता वेबपेज म्हणजे काय असतं? एक एचटीएमएल फाइल, सोबत रंगरूपासाठी सीएसएसची फाइल, चार-पाच चित्रं, एखादी जावास्क्रिप्टची फाइल. म्हणजे एक आख्खं फोल्डर. ते पोर्टल घेत नाही. मग पोरं काय करतात? पेज ब्राउझरमध्ये उघडतात, स्क्रीनशॉट काढतात, वर्डमध्ये चिकटवतात, खाली कोड पेस्ट करतात, पीडीएफ करतात. ती होते 6 एमबीची. मग कुठल्या तरी फुकट साइटवर जाऊन ती दाबून दाबून 2 एमबीत बसवतात. तोवर अक्षरं इतकी पुसट होतात की वाचायला भिंग लागावं. एवढं करून पुन्हा तेच सगळं प्रिंट काढून, स्पायरल मारून, जर्नलला लावून सही घ्यायची.

स्वयंपाकाच्या परीक्षेत भाकरीचा फोटो बघून मार्क द्यावेत, त्यातला हा प्रकार आहे.

माझं कॉलेज रोडला कॉम्प्युटर आणि झेरॉक्सचं दुकान आहे. या प्रिंटा माझ्याच मशीनवर निघतात, सबमिशनच्या आठवड्यात माझा गल्ला बरा असतो. तरी लिहितोय, कारण काउंटरच्या अलीकडून जे दिसतं ते स्टाफरूममधून दिसत नसावं.

दिसतं ते असं. एका मुलीने आपल्या गावाच्या एसटीचं वेळापत्रक पेजवर केलं होतं. फाट्यावरून कोणती गाडी किती वाजता, मुक्कामी गाडी कोणती, बाजाराच्या दिवशी काय बदल. मोबाइलवर नीट दिसायचं, गावाच्या नावावर बोट ठेवलं की त्या गावच्या गाड्या समोर. खरंच उपयोगाची वस्तू. पीडीएफ झाल्यावर त्यातलं काय उरलं? तीन मुके फोटो. तिला मार्क कमी पडले, कारण स्क्रीनशॉट कमी होते. त्याच रात्री दुसरा एक गडी आला, मित्राच्या पीडीएफमध्ये पहिल्या पानावरचं नाव आणि रोल नंबर बदलला आणि अपलोड करून दहा मिनिटांत घरी गेला. त्याला पूर्ण मार्क. दोघांच्या हातात पोर्टलने एकच पावती दिली : यशस्वीरीत्या सबमिट झाले.

सांगा, ही पद्धत कुणाला शिकवते आणि काय शिकवते?

यातलं सर्वात मोठं नुकसान मार्कांचं नाही, ते शिक्षणाचं आहे. वेबपेज स्वतःच्या मशीनवर चालणं हा अर्धाच धडा असतो. ते दुसऱ्याच्या मशीनवर उघडणं हा उरलेला अर्धा, आणि खरा. मुलगा चित्राचा पत्ता देताना आपल्या सी ड्राइव्हमधल्या डेस्कटॉपचा पत्ता देतो. त्याच्याकडे चित्र दिसतं, सरांच्या मशीनवर तिथे रिकामी चौकट येते. विंडोजवर फाइलच्या नावात अक्षर कॅपिटल असो की स्मॉल, खपून जातं. बहुतेक वेब सर्व्हर लिनक्सवर चालतात, तिथे ती दोन वेगळी नावं धरली जातात आणि चित्र गायब. मराठी मजकूर यूटीएफ-8 मध्ये साठवला नाही, पेजला तसं सांगितलं नाही, की 'नमस्कार'च्या जागी भलतीच चिन्हं उमटतात. या तिन्ही चुका पहिल्या नोकरीत पहिल्याच आठवड्यात समोर येतात. आणि या तिन्ही चुका स्क्रीनशॉट झाकून टाकतो, कारण तो काढलेला असतो पोराच्या स्वतःच्या मशीनवर, जिथे सगळं ठीकच दिसतं.

म्हणजे जमा करणं हाच अभ्यासाचा भाग होता. तोच आपण काढून टाकलाय.

यावर मला मिळालेली उत्तरंही मांडतो.

पहिलं उत्तर : पोर्टल पीडीएफशिवाय काही घेत नाही. बऱ्याच ठिकाणी पोर्टल म्हणजे मूडल असतं. मार्टिन डुगियामास नावाच्या ऑस्ट्रेलियातल्या माणसाने ते केलं, 2002 साली पहिली आवृत्ती आली, आणि ते ओपन सोर्स आहे. त्यात असाइनमेंट तयार करताना कोणत्या प्रकारची फाइल घ्यायची, किती घ्यायच्या, केवढी घ्यायची हे शिक्षकच निवडतात. वरची मर्यादा अ‍ॅडमिन ठरवतो. झिप चालते. फाइलऐवजी नुसता मजकूर म्हणून लिंकसुद्धा घेता येते. पोर्टल घेत नाही असं म्हणू नका, सेटिंग कुणी बदललेलं नाही असं म्हणा.

दुसरं उत्तर : एचटीएमएल टाकलं तर ते पोर्टलवर उघडत नाही, डाउनलोड होतं. बरोबर, आणि ते मुद्दाम तसं ठेवलेलं आहे. पेजमध्ये स्क्रिप्ट असू शकते, आणि सर लॉगिन असताना ती पोर्टलच्याच पत्त्यावर चालली तर त्यांच्या खात्याला धोका. म्हणून फाइल उतरवून घ्यायची आणि मग उघडायची. त्यासाठी पीडीएफची सक्ती कशाला?

तिसरं उत्तर : 60 पोरांच्या 60 झिप कोण उघडणार? मूडलमध्ये सगळ्यांची सबमिशन एकदम उतरवायची सोय आहे. आणि पेज नुसतं बघायचंच असेल तर लिंक मागा. गिटहब पेजेससारख्या जागी साधं पेज फुकट ठेवता येतं. मुख्य फाइलचं नाव इंडेक्स डॉट एचटीएमएल ठेवायचं, फोल्डर चढवायचं, थोड्या वेळात पत्ता तयार. लिंक नंतर बदलता येते ही शंका रास्त आहे, म्हणून दोन्ही मागा : बघायला लिंक, नोंदीला झिप.

चौथं उत्तर : नॅकच्या फायलीला प्रिंट लागते. अहो, नॅकचा स्वयंमूल्यमापन अहवालसुद्धा आता ऑनलाइनच भरतात. पोरांच्या पेजेसची यादी लिंकसकट ठेवा, झिप जपून ठेवा. स्पायरलच्या गठ्ठ्यापेक्षा तो पुरावा बोलका आहे.

पाचवं उत्तर : मुलांकडे लॅपटॉप नाहीत. हे मात्र खरं आहे, आणि म्हणूनच मला राग येतो. लॅब संध्याकाळी बंद होते आणि मुदत ठेवायची रात्री 11:59 ची! ज्याच्या घरी मशीन आणि वायफाय आहे त्याला सोयीचं. ज्याला शेवटची गाडी गाठायची असते त्याने काय करायचं? ते पोर माझ्या दुकानात तासाचे पैसे मोजतं, पोर्टलचं चाक गोल फिरत राहतं आणि गाडी निघून जाते. दुसऱ्या दिवशी नावापुढे 'लेट' लागतं.

आणखी एक. आता एआयला सांगितलं की मिनिटभरात आख्खं पेज लिहून मिळतं. पीडीएफ बघून ते कुणालाही ओळखता येणार नाही. समोर पेज उघडून "हा रंग बदल, इथे एक लिंक जोड, हे चित्र का दिसत नाही सांग" एवढं विचारलं तर पाच मिनिटांत कळतं. व्हायवा त्यासाठीच असतो ना?

टिम बर्नर्स-ली यांनी वेबची कल्पना 1989 मध्ये सर्न या संशोधन संस्थेत मांडली. 30 एप्रिल 1993 रोजी सर्नने ती जगाला फुकट वापरायला मोकळी केली. कुणाची परवानगी न घेता कुणीही पान लिहावं आणि ते कुठल्याही मशीनवर उघडावं, हे वेबचं मूळ. आणि आपली पोरं पान लिहितात ते पासवर्डच्या आड, पीडीएफमध्ये, एकदा सही होऊन रद्दीत जाण्यासाठी. ते एसटीचं वेळापत्रक आज गावातल्या प्रत्येक मोबाइलवर असायला हवं होतं.

म्हणून मागण्या साध्या आहेत, एका पैशाचा खर्च नाही.

1. वेबपेजच्या असाइनमेंटला झिप आणि लिंक घ्या, पीडीएफची सक्ती काढा.
2. मुदत लॅबच्या वेळेत ठेवा, आणि शेवटचे दोन दिवस लॅब जादा वेळ उघडी ठेवा.
3. अपलोड झाल्यावर पोराला ते दुसऱ्या मशीनवर उघडून बघू द्या, चूक दिसली तर मुदतीपर्यंत पुन्हा चढवू द्या.
4. मार्क चालू पेज बघून द्या, स्क्रीनशॉट मोजून नको.
5. स्वतःचं पेज जगापुढे ठेवायचं की नाही हे पोराला ठरवू द्या. फोन नंबर, घरचा पत्ता त्यात टाकू नये हेही शिकवा.

शिक्षकांवर माझा रोख नाही. त्यांच्यावर वर्ग, परीक्षा, कागदपत्रं सगळंच लादलेलं आहे, आणि यातले काही जण स्वतःच्या फोनवर पोरांची पेजेस उघडून बघतात हेही मला माहीत आहे. पण एक सेटिंग बदलायला शासन निर्णय लागत नाही.

पालकांनो, या वेळी पालक सभेत हजेरी आणि फीच्या पुढे जाऊन एवढंच विचारा : माझ्या मुलाने केलेलं पेज मला माझ्या मोबाइलवर बघायला मिळेल का? माजी विद्यार्थ्यांनो, तुमच्यातले कित्येक जण पुण्यात, बंगळुरूत हेच काम करून पगार घेता. महिन्यातला एक शनिवार द्या, पोरांना पेज चढवायला शिकवा. माझ्या दुकानातली दोन मशीन शनिवारी दुपारी 2 ते 5 त्यासाठी मोकळी ठेवतो, तासाचे पैसे नाहीत.

कॉलेजवाल्यांपैकी कुणाला वेगळं म्हणायचं असेल तर खाली जरूर लिहा, इथेच बोलू.