आधी ताट वाढा, मग सल्ला द्या

सातवा महिना लागला आणि माझं हिमोग्लोबिन ९.१ आलं. गरोदरपणात ११ च्या खाली गेलं की ॲनिमिया धरतात. रिपोर्ट फॅमिली ग्रुपवर टाकायची चूक मी केली. दहा मिनिटांत निकाल लागला: "दिवसभर मोबाइल आणि ते पाकिटातलं खाणं, दुसरं काय होणार!" निकाल देणारे सगळे मोबाइलवरच टाइप करत होते, ते सोडून देऊ.

मी २८ वर्षांची सॉफ्टवेअर इंजिनिअर, हिंजवडीजवळ राहते. बिस्किटं खाते, हे खरं. इन्स्टंट नूडल्सही. रात्री साडेबारापर्यंत फोन हातात असतो, हेही खरं. आरोप मान्य आहे. पण पिंजऱ्यात मी एकटीच का?

माझा दिवस बघा. सकाळी साडेनऊला पहिला कॉल. दुपारी एकला एक, कारण "तेव्हाच सगळे मोकळे असतात". अमेरिकेतली टीम जागी होते तेव्हा आपल्याकडे रात्र, म्हणून शेवटचा कॉल साडेनऊला. डॉक्टर म्हणतात, दर दोन-तीन तासांनी थोडं थोडं खा. कॅमेरा बंद करून, म्यूटवर काय खाणार? भाकरी आणि मेथीची भाजी? ती कुणीतरी करायला लागते. बिस्किटाचा पुडा फक्त फोडायला लागतो.

आणि फोन? दिवसभराचे तास दुसऱ्यांचे असतात. शेवटचा कॉल संपल्यावरचा वेळ तेवढा माझा वाटतो. त्यात झोप जाते, हे मला कळतं. तरी सोडवत नाही.

लोहाची गोळी चहासोबत घेतली तर लोह नीट शोषलं जात नाही. हे मला सातव्या महिन्यात कळलं. तोवर मी ती रोज चहा-बिस्किटांबरोबरच घेत होते. हा कामाचा सल्ला घरातल्या कुणी दिला नाही. "ग्रहणात सुरी हातात घेऊ नकोस" हा मात्र चौघींनी दिला. मोबाइल बघू नको म्हणणाऱ्या मावशीनेच गर्भसंस्काराचं अ‍ॅप पाठवलं. ते रोज पहाटे सहाला वाजतं.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या ५२ टक्के गरोदर बायका ॲनिमिक निघाल्या. या सगळ्यांचं रक्त काय रील्सनी आटवलं? सगळ्यांना वाढून झाल्यावर उरेल ते खायची पद्धत मोबाइलच्या कितीतरी आधीची आहे. तेव्हाही दोष तिचाच होता.

आता माझ्या धंद्याबद्दल. आधीच्या नोकरीत मी नोटिफिकेशन पाठवणाऱ्या टीममध्ये होते. एकाच वेळी दोन गटांना दोन वेगळे मेसेज पाठवायचो. ज्याच्यावर जास्त बोटं पडतील, तो सगळ्यांना. रात्री माणूस थकलेला असतो, पटकन उघडतो, हे आम्हाला आकड्यांत दिसायचं आणि आम्ही खूश व्हायचो. रील्स संपत नाहीत, कारण त्या संपू नयेत यासाठी कुणीतरी पगार घेतं. मीही घेतला आहे.

खाण्याचंही तेच. मैदा, साखर, पामतेल, मीठ यांचं प्रमाण हात थांबू नये अशा बेताने बसवलेलं असतं. चिलीने २०१६ पासून जास्त साखर-मिठाच्या पाकिटांवर समोरच काळे अष्टकोनी शिक्के मारायला लावले. आपल्याकडे पाकीट उलटं करून बारीक अक्षरं वाचायची. एका बाजूला पगारी तज्ज्ञांची फौज, दुसऱ्या बाजूला मळमळणारी, अर्धवट झोपलेली बाई. आणि तुम्ही तिला सांगता, "मनावर ताबा ठेव."

कायद्याने २६ आठवड्यांची रजा दिली, त्यातले जास्तीत जास्त ८ बाळंतपणाआधी. त्याआधीचे सात महिने? तेव्हा निवांत जेवायला मिळणं मॅनेजरच्या मर्जीवर. आणि नवरा? तोही त्याच पुड्यातली बिस्किटं खातो, त्याच वेळेपर्यंत स्क्रीनवर असतो. त्याला एकाही काकूने विचारलं नाही, बाबा, तू काय खातोस? घरात पालेभाजी कोण आणतं?

शेवटी मीच विचारलं. आता तो रात्री मटकी भिजत घालतो आणि सकाळी माझा डबा भरतो. दुपारी एक ते दोन मी कॅलेंडरवर "जेवण" लिहून तो तास अडवला आहे. पहिल्या आठवड्यात दोघांनी तिथेच मीटिंग टाकली, मी दोन्ही नाकारल्या. गोळी लिंबूपाण्याबरोबर घेते. फोन रात्री हॉलमध्ये चार्जिंगला असतो, त्याचाही आणि माझाही. यात माझा निग्रह थोडाच आहे. बाकी सगळं वेळ आणि माणसं यांचं गणित.

तेव्हा पुढच्या वेळी गरोदर बाईच्या हातात बिस्किटाचा पुडा दिसला तर आधी विचारा, "जेवलीस का?" उत्तर "नाही" आलं तर लेख फॉरवर्ड करू नका. उठा आणि ताट वाढा.