तिन्हीसांजेची बातमी

३० जानेवारी १९४८, शुक्रवार. आम्ही त्या वेळी नऊ वर्षांचे होतो. ग्वाल्हेरच्या लष्करातील आमच्या गल्लीत रेडिओ एकच, समोरच्या लालाजींकडे. देवापाशी दिवा लागला होता, आम्ही भावंडे परवचा म्हणत होतो. पावकीवर आलो तोच लालाजींचा मुलगा अनवाणी धावत आला आणि उंबरठ्याबाहेरूनच ओरडला, ‘गांधीजी को मार डाला!’

वडील तसेच निघाले, पाठोपाठ आम्ही. दिल्लीच्या बिर्ला भवनात, प्रार्थनेला जाताना, तीन गोळ्या. मारेकरी हिंदू असल्याचे रेडिओ सांगत होता. त्या एका शब्दाने केवढा रक्तपात टळला असेल, हे पुढे उमगले. रात्री नेहरू बोलले. घरी चूल पेटली नाही. आजीने त्या कडाक्याच्या थंडीत डोक्यावरून पाणी घेतले. घरचेच माणूस गेले असे तिने मानले.

दुसऱ्या दिवशी नाव कळले. गोडसे, पुण्याचा. वडील एवढेच म्हणाले, ‘आज बाहेर मराठीत बोलू नका.’ शिंद्यांच्या या शहरात आमच्या चार पिढ्या मराठीतच हसल्या-भांडल्या होत्या! आईने गच्चीवरून हाक मारण्यासाठी तोंड उघडले, मिटले, आणि आम्हांस हातानेच खुणावले.

दुपारी लालाजी स्वतः येऊन वडिलांना घेऊन गेले. अंत्ययात्रेचे मेलव्हिल डी मेलो यांचे वर्णन इंग्रजीत चालले होते, आणि खोलीत इंग्रजी जाणणारे वडीलच. ते हिंदीत समजावून सांगत होते. चितेपाशी येताच त्यांची हिंदी अडखळली. पुढचे सारे ते मराठीतच बोलून गेले. कोणी त्यांस थांबविले नाही.

काही दिवसांनी साताऱ्याकडून आत्याचे पत्र आले. त्या भागात अनेक ब्राह्मणांची घरे जाळण्यात आली, त्यांत तिचेही होते. वडिलांनी ते पत्र कोणास दाखविले नाही.

मग लाल किल्ल्यात खटला उभा राहिला, आणि गांधीजींवर झाडलेले पिस्तूल ग्वाल्हेरातूनच मिळविले होते, हे वर्तमानपत्रात आले. आमच्याच गावातून! त्या संध्याकाळी वडील बातम्या ऐकावयास गेले नाहीत. बऱ्याच वेळाने लालाजीच आमच्या ओसरीवर येऊन बसले आणि आईकडे नेहमीसारखा चहा मागितला.