वाऱ्याचा वारसा

डिसेंबर उजाडला, की पॅरिसच्या नोत्र-दाम कॅथीड्रलची आठवण आता दरवर्षी निघत राहील. २०२४ च्या ७ डिसेंबरला, साडेपाच वर्षांहून अधिक काळ मुका राहिलेल्या तिथल्या महाऑर्गनला आर्चबिशपांनी आठ वेळा साद घातली आणि आठही वेळा त्याने सुरांनी ओ दिली. मूर्तीची प्राणप्रतिष्ठा करणाऱ्या, दसऱ्याला हत्यारांबरोबर वाद्येही पुजणाऱ्या आपल्याला हा विधी परका वाटण्याचे कारण नाही. आरिस्तीद काव्हाये-कोल या थोर कारागिराने नव्याने घडवलेल्या या ऑर्गनचे उद्घाटन ६ मार्च १८६८ रोजी झाले होते. २०१७ मध्ये जर्मनीतील ऑर्गनबांधणीला व ऑर्गनसंगीताला युनेस्कोने अमूर्त वारशाच्या यादीत मानाचे पान दिले, तेही डिसेंबरच्या याच दिवसांत.

१५ एप्रिल २०१९ च्या आगीत छप्पर गेले, पण ऑर्गनला ज्वाळा शिवल्या नाहीत. त्याच्यावर बसली ती छपरातल्या शिशाची विषारी धूळ. मग सुमारे आठ हजार नळ्या उतरवल्या गेल्या, साफ झाल्या, पुन्हा आपापल्या जागी बसल्या; जीर्ण चामडे बदलले, विजेची यंत्रणा नवी आली. एवढे आटोपल्यावर खरे काम सुरू झाले. दिवसा कॅथीड्रलमध्ये गवंडी-सुतारांचा गलबला, म्हणून सूर लावणारे कारागीर रात्री येत. कुठे नळीच्या तोंडाशी किंचित फेरफार करायचा, कुठे पायथ्याच्या छिद्रातून येणारा वारा कमी-अधिक करायचा, आणि पुन्हा कान लावायचा. तंबोऱ्याची जवारी काढणारा दोरा सरकवत जसा त्या एका क्षणाची वाट पाहतो, तसेच हे काम. फक्त ते सहा महिने रोज रात्री चालले. कंपने मोजणारी उपकरणे आज हवी तितकी मिळतात, पण एवढ्या मोठ्या वास्तूत सूर भरला की नाही, याचा निवाडा अखेर कानच करतो.

म्हणून संशोधन कमी मोलाचे ठरत नाही. स्वीडनमधील गोथेनबर्गच्या संशोधकांनी आर्प श्निटगर या सतराव्या शतकातील जर्मन कारागिराच्या धर्तीवर एक ऑर्गन बांधला. तो २००० मध्ये तिथल्या एका चर्चमध्ये वाजू लागला. त्यासाठी जुन्या नळ्यांचा धातू तपासला, तेव्हा मौज उघडकीस आली. आजचे शुद्ध शिसे मऊ पडते, उंच नळी स्वतःच्याच भाराने खचते. जुन्या शिशाला ताठपणा होता तो त्यातल्या अँटिमनी, बिस्मथ, तांबे यांच्या अंशमात्र भेसळीमुळे. जुने लोक धातूचा रस वाळूच्या थरावर ओतीत, तीही रीत पुन्हा शिकावी लागली. ज्याला आपण मागासलेपणा समजतो, त्यात कित्येकदा पिढ्यांचे प्रयोग मुरलेले असतात, हे प्रयोगशाळेनेच दाखवून दिले. पुढे लुबेकच्या स्टेलवागन ऑर्गनच्या नळ्या का झिजतात, याचा शोध घेताना ओकच्या लाकडातून सुटणाऱ्या आम्लाच्या वाफा दोषी ठरल्या. श्टुटगार्टच्या फ्राउनहोफर संस्थेत यूडिट आंगस्टर आणि सहकाऱ्यांनी नळ्यांची मापे ठरवणारी संगणकप्रणाली तयार केली, वारा पुरवण्याच्या नव्या रचना शोधल्या. काव्हाये-कोलच्या पॅरिसच्या कारखान्यात शिकून १८६७ मध्ये हंगेरीतील पेच गावी स्वतःचा कारखाना थाटणारा योझेफ आंगस्टर त्यांच्याच घराण्यातला. परंपरा अशीही पुढे जाते, करवतीकडून संगणकाकडे.

कायद्याला मात्र कान नसतात. ऑर्गनचा पंखा विजेवर चालतो, म्हणून विद्युत उपकरणांतील शिशावर बंदी घालणाऱ्या युरोपीय नियमाच्या कचाट्यात हे वाद्य सापडू पाहत होते. अखेर २०१७ च्या दुरुस्तीने त्याला स्पष्ट सूट दिली. त्याहून मोठी काळजी माणसांची आहे. युनेस्कोकडे नोंद झाली तेव्हा जर्मनीत सुमारे ५० हजार ऑर्गन होते, कारखाने ४०० आणि शिकाऊ उमेदवार अवघे १८०.

हे सारे दूरदेशीचे म्हणून आपण बाजूला सारू शकत नाही. ज्या पॅरिसमध्ये काव्हाये-कोल काम करीत होता, तिथेच १८४२ मध्ये अलेक्झांडर दबेन याने हार्मोनियमचे पेटंट घेतले. त्याच कुळातल्या पेटीने आणि पायांनी भाता हाकायच्या ऑर्गनने आपली संगीत रंगभूमी भारून टाकली. गंधर्व नाटक मंडळीच्या पदांना ऑर्गनची साथ असे. आपल्याकडे वाद्यांच्या विज्ञानाचे वावडे होते असेही नाही. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१ मध्ये तंबोऱ्याच्या आणि वीणेच्या घोडीमुळे निर्माण होणाऱ्या नादावर शोधनिबंध लिहिला, त्याला शंभर वर्षे उलटून गेली. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले, त्याचे सत्कार झाले, ते व्हायलाच हवे होते. पण भोपळ्याची जात, लाकडाचा मुरवणकाळ, घोडीची घडण यांतले मिरजेच्या कारागिरांच्या हातातले ज्ञान अजून मुख्यतः हातातच आहे. आपल्या विद्यापीठांच्या भौतिकशास्त्र विभागांनी येत्या वर्षी निदान एक विद्यार्थी मोजमापाची साधने घेऊन मिरजेला धाडावा, आणि आधी चार महिने त्याला त्या कारागिरांच्या हाताखाली बसवावे.